सांगाव्याची सायकल

परवा बेळगावचे दोन मास्तर दुकानात आलते. नदीकाठच्या वीरगळांची चित्रं काढत हिंडायचं म्हणत होते. माझ्याकडनं दोन सायकली भाड्यानं घेतल्या, ब्रेक दाबून बघितले, आणि त्यातला चष्मेवाला म्हणला, "भीमसेन, गाड्यांची वर्दळ नसलेली, निवांत वाट सांगा बघू." मी म्हटलं, निवांत पायजे व्हय? हाय की! निपाणीपास्नं वेदगंगेच्या कडंनं पार बोरगावपर्यंत अशी वाट हाय की दोन तास पायडल मारा, एक माणूस आडवा यायचा न्हाय. येष्टी न्हाय, ट्रक न्हाय. ऊस, तंबाखू, नदी, मधी मधी झिजलेले वीरगळ, कुठं एखादं पडकं देऊळ. मास्तर खूश झाले, टोप्या घालून गेले. ती वाट एवढी निवांत कशी ऱ्हायली, हे काय त्यांनी विचारलं न्हाय.

म्हणून तुमाला सांगतो. मधी मधी बोलू नका तेवढं, माझं डोस्कं लवकर फिरतंय.

ती वाट माझ्या बापानं पायानं पाडली अन् भरमाण्णानं सायकलीनं मळली. माझा बा, मायाप्पा. आमचं गाव निपाणीपास्नं तीन मैलांवर. गावात कोण मेलं की परगावच्या पाव्हण्यांना ती बातमी पोचवायची, म्हणजे सांगावा न्यायचा, हे काम आमच्या लोकांच्या गळ्यात. ऊन असूंदे, पूर असूंदे, बा काठी घेऊन निघायचा. त्या कामाचे नेम बी असले कडक, की देवाच्या पुजाऱ्याला नसतील. सांगावा घेऊन निघालेल्यानं वाटेत कुठं थांबायचं न्हाय. गेला त्या वाटेनं माघारी यायचं न्हाय. आला की आंघोळ करायची, अन् मधी एक अख्खा दिवस गेल्याबिगर नवरीजवळ, तान्ह्या पोराजवळ, पोटुशी बाईजवळ फिरकायचं न्हाय. कुणी केले हे नेम? ज्यांना सांगावा न्यावा लागत न्हाय त्यांनी केले, दुसरं कोण!

आमी धम्म घेतला त्या वर्षी मी बारा वर्सांचा होतो. बानं काठी माळ्यावर टाकली अन् पाटलाच्या दारात जाऊन सांगितलं, "मेलेलं ढोर अन् मेल्याचा सांगावा, दोन्ही आता तुमचं तुमी बघा." लई बोंब झाली. पण बा हटला न्हाय. मी शाळा शिकलो, निपाणीत सायकल दुरुस्तीचं काम शिकलो, आमच्याच गावच्या वेशीबाहेर, घराला लागून दुकान टाकलं. बाच्या त्या एका वाक्यावर माझं सगळं आयुष्य उभं हाय, असं मी चार लोकांत छाती काढून सांगायचो.

मग मधी वीसएक वर्सं ज्याचं तो बघत होता. कोण तार करायचं, कोण येष्टीनं माणूस धाडायचं. भरमाण्णा तवा दूध घालायचा. आमच्याच गावचा ठेंगणा, हसरा गडी, कॅरियरला दोन किटल्या, अन् पुढच्या दांडीवर त्याची पोर मनु. बायको मनूच्या बाळंतपणात गेलती, म्हणून पोर बापाच्या सायकलीवरच वाढली. मनु दांडीवर बसून गावोगावच्या बायकांना नावानं हाका मारायची. भरमाण्णा दूध मापायचा अन् ती तवर नदीत डुंबून यायची. पोहायला माशागत. माझ्या दुकानापुढं सायकल थांबली की पहिली उडी तिची, "भीमसेनकाका, घंटी वाजत न्हाय!" घंटी वाजत असायची हो, तिला पाना हातात धरायचा असायचा. सत्त्याहत्तर साली तिचं लग्न झालं, नदीकाठच्या कुरणवाडीत, परशरामशी. चांगली बागायत, दावणीला म्हशी. भरमाण्णा मांडवात रडला अन् हसला, दोन्ही एकाच वेळी.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात नदी पात्र सोडून शेतात शिरली. येष्टी बंद, तारा पडलेल्या. अन् नेमकी पाटलाची आई गेली. दोन लेकी खाली बोरगावच्या अंगाला दिलेल्या. कोण जाणार? भरमाण्णा म्हणला, मी जातो. माणुसकीचं काम हो, दुसरं काय? तो माझ्या बापाकडं आला. बा म्हणला, "वाट सांगतो. उंचवट्यानं कुठनं जायचं, ओढा कुठं उतरायचा, सगळं सांगतो. पण हे काम एकदा केलंस की सुटायचं न्हाय, भरमा." भरमाण्णा हसला. म्हणला, "एकदाच की."

लेकी आल्या, आईचं तोंड बघितलं, गावानं भरमाण्णाला नारळ दिला. अन् पुढच्याच महिन्यात अजून कोण गेलं, तर माणूस थेट त्याच्या दारात. मग अक्कोळचं आलं, मग भोजचं. खोऱ्याला आयता गडी मिळाला, सोडतंय कोण? न्हाय म्हणायची भरमाण्णाला सवयच नव्हती. मयताच्या घरचं माणूस पुढं उभं ऱ्हायलं की तो पायात चपला सरकवायचा.

वर्षाभरात त्याचं दूध बंद झालं. बायका तोंडावर काय बोलायच्या न्हाईत, नुसतं भांडं पुढं करायच्या न्हाईत. सांगाव्याच्या हाताचं दूध लेकराला कसं पाजायचं? तो तंबाखूच्या वखारीत हमाली करू लागला. सायकल तीच, भरमाण्णा तोच, पण ती सायकल गावात शिरली की अंगणात खेळणारी पोरं बायका आत ओढायच्या. कुणाच्या घरी आजारी माणूस हाय, कुणाचा लेक परमुलखात हाय, सगळे ती सायकल कुठल्या दारात थांबती ते बघायचे. सिदनाळच्या अंगाला एका बाईचा नवरा मिल्ट्रीत होता. भरमाण्णा दुसरीकडं चाललता, तर ती बाई पीठ भरल्या हातांनी त्याच्यामागं पळाली. अर्धा मैल पळाली म्हणं. त्याला थांबता येईना. तो पायडल मारत मारत मागं वळून वराडतोय, "तुझं न्हाय गं आक्का! तुझं न्हाय!" तिला ऐकू गेलं न्हाय. ती बांधावर पडली.

त्या दिवसापास्नं त्यानं गावातनं जायचं सोडलं. दुकानात आला, माझ्यापुढं बसला अन् म्हणला, "भीमसेन, तुझा बा ज्या वाटंनं जायचा ती सगळी दाखव मला. एक बी गाव लागलं न्हाय पायजे." बा, मी अन् तो, आमी तिघं दोन दिवस त्या वाटंनं हिंडलो. बाला मी कॅरियरवर बसवलं होतं. पाणंदी, मळ्यांच्या कडा, नदीचा काठ. बा बोट दाखवायचा, हितनं गाव टळतंय, हितनं विहिरीवरच्या बायकांना दिसत न्हाय. ही तुमची निवांत वाट. लोकांनी घाबरू नये म्हणून केलेली. अन् झालं काय, की लोकं त्या वाटेलाच घाबराय लागले. सांगाव्याची वाट म्हणून गुराखीसुदा तिकडं जाईनात. दोन-तीन वर्सांत तिथं गवत वाढलं, मधी एका चाकाचा पट्टा तेवढा उघडा.

ही वाट कुरणवाडीच्या खालनं जाती. नदीच्या घाटावर, तीन वीरगळ उभे हायत, तिथनं. घाटाच्या वर मनूचं घर.

मनूच्या सासरी सुरुवातीला बरं होतं. मग एक म्हैस मेली. सासू शालूबाई म्हणली, बापाची सायकल परवा खालनं गेलती. मग दिराला सर्प चावला. मग तंबाखूवर रोग पडला. म्हणजे आख्ख्या खोऱ्याच्या तंबाखूवर पडलता, पण शालूबाईला तिच्या घरातच सापडलं कारण! "तुझा बाप मरण वाटत हिंडतोय, अन् उरलेलं तू आमच्या घरात सांडतीस," असं ती पोरीला म्हणायची. परशराम खाली मान घालून भाकरी खायचा. तसल्या गड्याला मी गडी म्हणत न्हाय. शालूबाईनं भरमाण्णाला सांगून टाकलं, व्याही, आमच्या दारात येऊ नका.

मग बाप-लेक घाटावर भेटायचे. सांगावा नसेल त्या दिवशी तो मोकळी सायकल घेऊन जायचा, ती धुण्याचं निमित्त करून खाली यायची. सांगावा असला की त्यानं डोक्याला पांढरा टॉवेल गुंडाळायचा, म्हणजे तिनं लांबनंच ओळखायचं अन् तोंड फिरवायचं. पोटची पोर धुणं धुतीया अन् बाप तिच्या पाठीकडं बघत सायकल पुढं नेतोय. मला तो हे सांगायचा ते जेवला का, झोपला का, असं सांगावं तसं. मी चिडायचो. "घेऊन ये की पोरीला माघारी!" तो म्हणायचा, "आणून कुणाच्या घरात ठेवू भीमसेन? माझ्या?"

लग्नाला पाच वर्सं झाल्यावर मनूला दिवस गेले. आमी म्हटलं आता मिटंल सगळं. कुठलं मिटतंय! शालूबाई आता पोटाकडंच बघाय लागली. ह्यातनं काय जन्माला येणार, देव जाणे, म्हणायची. पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्यात माहेरच्या माणसानं न्यायला जायचं. भरमाण्णानं निरोप धाडला, तर उत्तर आलं, तुमी सोडून दुसरं कुणी आलं तर बघू. दुसरं कोण? पोरीला ना आई, ना भाऊ. भोजला मावशी हाय, तानीबाई, ती विधवा, ती कशी येणार न्यायला? शेवटी भरमाण्णानं ठरवलं, काय व्हायचं ते होऊंदे, शुक्रवारी जायचं, पोरीला घ्यायचं अन् सरळ तानीबाईकडं भोजला न्यायचं. तानीबाईनं खोली सारवून ठेवली. घाटावर त्यानं मनूला सांगितलं. मनु म्हणली, "नक्की न्हवं आप्पा?" तो म्हणला, "नक्की." तिच्या दंडावर करपल्याचा डाग होता. विचारलं तर म्हणली, तवा लागला.

हे त्र्याऐंशीचं साल, फेब्रुवारी. अन् त्या आठवड्यात बुधवारी सकाळी माझा बा गेला.

आता हितं नीट ऐका. माझी बहीण बायाक्का बोरगावला. येष्टी दुपारी दीडला, ती तिथं पोचणार, मग आक्का तिथनं निघणार, म्हणजे बाचं तोंड तिला दिसतंय का न्हाय अशी पाळी. माझा चुलतभाऊ सायकलवर जाऊ शकला असता. धडधाकट, दुकानापुढंच उभा होता. पण भरमाण्णा आला, बाच्या पाया पडला अन् म्हणला, "बायाक्काला मी सांगतो." मी व्हय म्हटलं. ज्यानं ते काम थुंकून टाकलं त्या माणसाचा सांगावा मी सांगाव्याच्या सायकलीवर धाडला. अन् तेवढ्यावर थांबलो का? न्हाय. तो सायकलवर टांग टाकतोय अन् मी, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला मी, मागनं म्हणतोय, "भरमाण्णा, वाटेत कुठं थांबू नको हं."

का म्हटलं? कुणास ठावं का म्हटलं! लहानपणी बा काठी घेऊन निघाला की आई दारातनं तेच म्हणायची. मयत झालं की तोंडातनं तेच यायचं. माझ्या जिभेवर ते वाक्य पंचवीस वर्सं दबा धरून बसलतं, अन् त्या दिवशी बाहेर पडलं.

भरमाण्णा वाऱ्यागत गेला. बायाक्का साडेतीनला येऊन पोचली, बाच्या छातीवर पडून रडली. सगळे म्हणले, भरमामुळं लेकीला तोंड दिसलं. बाला पोचवून आमी घरी आलो तवा दिवस मावळायला आलता. भरमाण्णा दुसऱ्या वाटंनं फिरून, नदीत आंघोळ करून आलता. केसातनं पाणी गळत होतं. माझ्या शेजारी बसला अन् खालच्या आवाजात म्हणला, "मनु आडवी आलती."

घाटाच्या अलीकडं, पाणंदीतच. डोक्याला पांढरा टॉवेल बघून सुदा ती फिरली न्हाय. पाणंदीच्या मधी उभी ऱ्हायली. त्याला पाय टेकावा लागला.

"आप्पा, आज न्या मला."

"आज कसं न्यायचं गं? मायाप्पा गेला. सांगावा हाय."

"असूंदे. सायकलवर बसत न्हाय. मागनं चालत येते."

"शुक्रवारी येतोय न्हवं? मधी एक दिवस तर हाय. कुणी मारलं का?"

"न्हाय. मारलं असतं तर काय न्हाय," ती म्हणली. "काल दुपारपास्नं कोण बोलंना माझ्यासंगं. आज सकाळी शिव्या सुदा दिल्या न्हाईत, आप्पा. मला बघितलं की समदे गप होत्यात. आजच न्या."

त्यानं तिला समजावलं. पोटुशी बाईला ह्या सायकलीजवळ उभं ऱ्हाऊ नये, बाळाला चांगलं नसतंय, लांब सर. तिनं कॅरियर धरलं. तो म्हणला, "भीमसेननं सांगितलंय, वाटेत थांबू नको. त्याच्या बाचं तोंड बायाक्काला दिसाय पायजे. तुला कळतंय न्हवं?" तिनं हात सोडला. म्हणली, "कळतंय." मग तो गेला.

मला हे सांगून तो माझ्याकडं बघत ऱ्हायला.  खरं सांगतो, तोंडावर आलतं, ऊठ, आत्ता जाऊ, सायकली काढतो. पण घरात माणसं भरलेली, बायाक्का रडतीया, चितेचा वास अजून माझ्या अंगाला. मी म्हटलं, "उद्या जाऊया मग." तो म्हणला, "उद्या कसं? मधला दिवस हाय. आंघोळ केली तरी दिवस जावा लागतोय. तिच्या पोटात लेकरू हाय, भीमसेन."  असले नेम मी मानत न्हाय, असं म्हणायला माझ्यापाशी तोंडच उरलं नव्हतं. सकाळी मीच नेम सांगितलता त्याला. मग शुक्रवार ठरला तो ठरलाच.

गुरुवार कसा गेला मला आठवत न्हाय. येणारे-जाणारे, रडारड, चहाच्या किटल्या. भरमाण्णा मात्र दिवसभर दुकानापुढच्या दगडावर बसून होता. आत या म्हटलं तर आला न्हाय. मधला दिवस पाळत होता.

शुक्रवारी उजाडलं तसा तो आला. नवं धोतर, बायाक्कानं बांधून दिलेली शिदोरी, मनूसाठी हिरवं लुगडं. स्वतःची सायकल त्यानं घरीच ठेवली. माझ्या दुकानातली नवी सायकल मी त्याला दिली, कॅरियरवर पोतं घडी घालून बांधलं, पोरीला टोचू नये म्हणून. दुसरी मी घेतली. मी जाणारच होतो. परशरामला चार शब्द ऐकवायचे मनात ठरवून ठेवले होते.

वेशीच्या बाहेर त्यानं सायकल रस्त्याकडं वळवली. मी म्हटलं, "खालच्या वाटंनं न्हाय जायचं?" तो म्हणला, "आज मी पोरीला न्यायला चाललोय. लपून कशाला जाऊ?" तीन-चार वर्सांनी तो गावातनं चाललता. छाती पुढं, धोतराचा सोगा उडतोय. मला बरं वाटलं बघा. खरंच बरं वाटलं.

अक्कोळात चहाच्या टपरीपुढनं जाताना टपरीवाला बाहेर आला. त्यानं हात करून थांबवलं. न मागता दोन कप आणले, भरमाण्णाच्या हातात कप दिला अन् तिथंच उभा ऱ्हायला. पाच वर्सांत भरमाण्णाला कुणी चहा विचारला नव्हता. त्याचे डोळे भरले. म्हणला, "बघ भीमसेन, नवी सायकल बघून लोक विसरले." मी टपरीवाल्याकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता.  मी कप तसाच परत दिला.

पुढं एका मळ्याच्या विहिरीवर बायका होत्या. सायकल बघून पळाल्या न्हाईत. उभ्या ऱ्हायल्या, एकीनं पदर तोंडावर घेतला. मग एक म्हातारा बैलगाडीवरनं येत होता, त्यानं गाडी कडंला घेतली, डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला. भरमाण्णाची सायकल हळू झाली.

"भीमसेन," तो म्हणला, "ह्या लोकांना काय तरी ठावं हाय."

मी म्हटलं, "तुला काय बी वाटतंय."

"पाच वर्सं मी हीच तोंडं बघतोय," तो म्हणला. "बघायला चुकत न्हाय मी." मग त्यानं पायडल असं मारलं की साखळी तुटतीया का काय असं मला वाटलं. मी मागं पडलो. दोन मैलांवर कुरणवाडी. वाटेत चाळीस तरी माणसं भेटली असतील. सगळ्यांना ठावं होतं. एकानं सांगितलं न्हाय. मला वाटतंय, सांगायचं कसं हे त्यांना येतच नव्हतं. ते काम त्यांनी कवाच केलं नव्हतं.

परशरामच्या दाराला कुलूप होतं. म्हशी नेलेल्या. पारावर त्याचा म्हातारा चुलता बसलता, रवळू. आमाला बघून तो उठला, परत बसला.

भरमाण्णानं सायकल आडवी टाकली. "कवा?" एवढंच विचारलं त्यानं.

"काल दुपारी," रवळू म्हणला. "नदीवर गेलती. पाय घसरला म्हणत्यात."

पाय घसरला म्हणं! जी पोर त्या नदीत वाढली, जिला खांद्याएवढ्या पाण्यात उभं ऱ्हाऊन हसताना आख्ख्या काठानं बघितलंय, तिचा पाय घसरला! मी रवळूच्या अंगावर धावून गेलो. "कुठं ठेवलंय तिला? मयत कुठं हाय?"

"सांजच्यालाच दिला अग्नी."

"बापाला न कळवता? चार कोसांवर बाप जिता बसलाय, अन् तुमी त्याच्या लेकीला..."

म्हातारा माझ्याकडं बघतच ऱ्हायला. त्याच्या तोंडावर कपट नव्हतं, हे मला आजबी खातं. तो खरंच बुचकळ्यात पडलता. "परशराम म्हणला सांगावा धाडाय पायजे," तो म्हणला. "पण धाडायचं कुणाला रं? ह्या खोऱ्यात सांगावा न्यायला भरमा सोडून हाय कोण?"

नदीच्या कडंला राख अजून कोमट होती. भरमाण्णा उकिडवा बसला. हिरवं लुगडं त्यानं काखेतनं सोडलंच नव्हतं.  मला राहवेना. मी म्हटलं, "भरमाण्णा, वाटेत थांबू नको, असं मीच म्हटलं तुला. मीच म्हटलं."

मला वाटलं होतं तो म्हणंल, तुझा काय दोष रं. माणसं म्हणत्यात तसं.

"व्हय," तो म्हणला. "तू म्हटलास. अन् मी ऐकलं."

मग तो उठला, धोतर झटकलं अन् सायकल उचलाय गेला. "तानीबाईला सांगाय पायजे," म्हणला. "तिची सख्खी मावशी." हँडल धरलं त्यानं. सायकल दोनदा पडली. तिसऱ्यांदा मी त्याला धरलं, खाली बसवलं, अन् म्हटलं, मी जातो.

कुरणवाडी ते भोज तासाची बी वाट न्हाय. मी खालच्या वाटंनं गेलो, गवतातल्या त्या एका चाकाच्या पट्ट्यावरनं. काय बोलायचं, पहिला शब्द कुठला, घरात शिरून सांगायचं का दारातनं, बाला कवा तरी विचारायला पायजे होतं. विचारलं न्हाय. बा जाऊन दोनच दिवस झालते.

तानीबाईचं दार सताड उघडं. उंबऱ्याशी ताटलीत भाकरतुकडा काढलेला, शेजारी पाण्याचा तांब्या, पोरीवरनं ओवाळून टाकायला. सायकलीचा आवाज ऐकून ती हात पुसत बाहेर आली. मला बघून तिचं तोंड फुललं. माझ्या खांद्यावरनं ती मागं वाटेकडं बघाय लागली.

"या की भीमसेन! बाप-लेक मागं ऱ्हायले व्हय?" ती म्हणली. "हळू आण म्हणावं भरमाला. सातवा चाललाय पोरीला."